रिकाम्या हवेतले थेंब

सुनंदाबाई गेल्याच्या निरोपाला मी अंगठा पाठवला. मोबाइलवरचा तो पिवळा, उभा, 'झकास' म्हणणारा अंगठा. सगळं आयुष्य माल खपवण्यात गेलेल्या माणसाचं असंच होतं. कुणाचाही, कसलाही निरोप आला की आधी अंगठा जातो, मग चष्मा लागतो आणि मग मजकूर वाचला जातो. त्या सकाळी मी बोईसर स्टेशनबाहेर रिक्षाच्या रांगेत उभा होतो. केतकीचा, म्हणजे बाईंच्या मुलीचा निरोप आला. मी अंगठा दाबला, फोन खिशात टाकला आणि पुढच्या सीटवर कोण बसणार यावरून एका अनोळखी गृहस्थाशी वाद घालू लागलो. रिक्षा निघाल्यावर चष्मा लावून पाहिलं. "आई पहाटे गेली. दुपारी पामलाच सगळं आहे." आणि त्याखाली माझा अंगठा... घाईघाईने तो पुसायला गेलो तर दुसरा अंगठा गेला. मी फोन हातात तसाच धरून बसलो. कुणीतरी चालू केलेलं पण कसं थांबवायचं ते न सांगितलेलं मशीन धरावं, तसा. थोड्या वेळाने केतकीचाच फोन आला. आवाज रडून बसलेला होता. "जाधवकाका, दोन्ही अंगठे मिळाले. आता पाय उचला आणि या." ही पोरगी आईवर गेली आहे, हे मला त्या क्षणी पक्कं कळलं.

सुनंदा तांडेल यांचं नाव वाचकांना माहीत असण्याचं कारण नाही. त्या मूळच्या किनाऱ्यावरच्या सातपाटीच्या, लग्न होऊन जवळच्या पाम गावी आलेल्या, फिजिक्स घेऊन एम.एस्सी. झालेल्या. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या छोट्या कारखान्याच्या तपासणी खोलीच्या त्या प्रमुख होत्या. आम्ही नोझल बनवतो. पंपाच्या किंवा पाइपाच्या टोकाला लावायची पितळेची नाहीतर पोलादाची बोंडी, जिच्यातून पाण्याचा फवारा होतो. ऐकायला क्षुल्लक वाटतं. मलाही वाटायचं. मी सांगलीकडून नोकरीसाठी आलेला, विक्री खात्यातला माणूस. फवारा म्हणजे फवारा, गिऱ्हाइकाच्या अंगावर उडाला की तो खूश, एवढंच माझं शास्त्र. बाईंनी पहिल्याच आठवड्यात मला समोर बसवून सांगितलं, की सगळा खेळ थेंब केवढा आणि तो कुठे किती पडतो, याचा आहे. आग विझवायची असेल तर थेंब जाड हवा, नाहीतर ज्वाळेपर्यंत पोचायच्या आतच त्याची वाफ होते. दुधाची पावडर करायची तर बारीक हवा, नाहीतर गोळे होतात. बागेत औषध मारायचं तर ना जाड ना बारीक. जाड थेंब पानावरून ओघळतो आणि बारीक थेंब वाऱ्याबरोबर शेजाऱ्याकडे जातो. "रवा कुठे लागतो आणि मैदा कुठे, हे तुमच्या बायकोला कळतं की नाही? मग तुम्हाला कळायला काय हरकत आहे?" असं त्यांचं समजावणं. मी मान डोलावली आणि पुढची दहा वर्षं गिऱ्हाइकांना दोन्ही पिठं एकाच भावात विकत राहिलो.

बाईंची खोली कारखान्याच्या मागच्या अंगाला होती. एका बाजूला काचेच्या नळ्यांची लांब रांग. वरून फवारा सोडला की प्रत्येक नळीत किती पाणी साठलं ते पाहून फवारा सारखा पसरतो की मधेच ढासळतो, ते कळायचं. दुसऱ्या बाजूला त्यांचं लाडकं लेझरचं यंत्र. एका टोकाकडून तांबडा किरण निघायचा, दुसऱ्या टोकाला एक भिंग तो झेलायचं, आणि मधून फवारा सोडायचा. मोठा थेंब उजेडाला जरासाच वाकवतो, बारीक थेंब जास्त वाकवतो. त्या वाकण्यावरून पडद्यावर थेंबांचे आकार उमटत. केसात पाण्याचे कण अडकलेल्या बाई डोळे बारीक करून तो पडदा वाचायच्या. कुंडली मांडून बसलेल्या जोशीबुवांसारख्या... फरक एवढाच की जोशीबुवा घाबरत नाहीत आणि बाई कायम घाबरलेल्या असायच्या.

हे मी गंमत म्हणून लिहीत नाही. सुनंदाबाईंइतकं उघडपणे घाबरणारं माणूस मी पाहिलेलं नाही. पालीला घाबरायच्या, लिफ्टला घाबरायच्या, वसाहतीत कुठे भोंगा वाजला की वायुगळती समजून ओढणी भिजवून नाकाला लावून दारात उभ्या राहायच्या. भोंगा जेवणाच्या सुट्टीचा आहे हे समजल्यावरही थोडा वेळ तशाच. एरवी शुद्ध, ऑफिसात शोभेल असं बोलणाऱ्या बाई घाबरल्या की त्यांची सातपाटी बाहेर यायची. "जाधव, मना भीती वाटते हां. हा वास कसला हाय?" मी म्हणायचो, "बाई, तो माझ्या डब्यातल्या सुक्या बोंबलाचा आहे." त्यावर त्या म्हणायच्या, "बोंबलाचा वास मी वलकत नाय काय?" आणि पुन्हा दाराबाहेर बघायच्या.

त्यांची एक सवय होती आणि तिची मी सगळ्यात जास्त टिंगल केली. कुठलीही तपासणी सुरू करताना यंत्राला आधी नुसती हवा दाखवायची असते, फवारा नसताना काय दिसतं ते यंत्राला कळावं म्हणून. ते सगळेच करतात. बाई ते शेवटीही करायच्या. आकडे आले, काम झालं, गिऱ्हाईक चहा पिऊन उठायला लागलं, की बाई फवारा बंद करायला सांगायच्या आणि रिकामी हवा पुन्हा एकदा वाचायच्या. "पाणी बंद केलं, आता तिथं थेंब दिसायला नकोत. दिसले, तर आधी दिसलेलेही खरे नव्हते." गिऱ्हाईक ताटकळायचं. एकदा मी चिडून म्हटलं, "बाई, वरात घरी गेली तरी तुम्ही मांडवात नवरा शोधताय." तेव्हा त्यांनी मला लहानपणीची एक गोष्ट सांगितली. त्या सहा-सात वर्षांच्या असतील. वडिलांची होडी यायची होती ती आली नव्हती, समुद्र खवळलेला होता, सातपाटीच्या किनाऱ्यावर बायका उभ्या होत्या. सकाळच्या धुक्यात छोट्या सुनंदेला होडी दिसली. तिने आरडाओरडा केला, तिची आई पाण्यात कमरेपर्यंत धावत गेली. होडी नव्हती. धुकं होतं आणि पोरीची इच्छा होती. वडील दुसऱ्या दिवशी सुखरूप आले. "पण आई पाण्यातनं परत वर आली ना, जाधव, तेव्हाचं तिचं तोंड मी विसरत नाय," बाई म्हणाल्या. "तेव्हापासून मना काय दिसलं की पयली भीती वाटते." मी त्या दिवशी जोक केला नाही. म्हणजे केला, पण बाहेर जाऊन.

भीती कशी कामाची असते हे मला किनाऱ्यावरच्या एडवण गावी समजलं, तेही माझ्याच मूर्खपणामुळे. तिथल्या एका बागाईतदाराला औषध फवारायची नोझलं हवी होती. मी त्याला दाखवायला पाण्यात खायचा लाल रंग घातला, म्हणजे फवारा कसा पडतो ते नीट दिसेल. बाई म्हणत होत्या की दर्याकडून वारा आहे, थेंब बारीक आहे, आज नको. मी म्हटलं, "बाई, माझा थेंब जागचा हलत नाही," आणि ते सिद्ध करायला स्वतः चार पावलं पलीकडे उभा राहिलो. पंप सुरू झाला. थेंब हलला. पांढऱ्या सदऱ्यासकट मी पुढून गुलाबी झालो, ते एक वेळ ठीक. पण कुंपणापलीकडे एका मावशींनी काठ्यांवर बोंबील वाळत घातले होते. त्यांच्या दोन ओळी लाजलेल्या नवरीसारख्या झाल्या. मावशी हातात कोयती घेऊन आल्या.

"कोन रं तो? ए मेल्या, माजं बोंबील रंगवलंस! आता ते काय बाजारात नेऊ का लग्नात नाचवू?"

"मावशी, खायचाच रंग आहे..." मी म्हटलं.

"मग तूच खा! चल, बस इथं, खा समदे!"

बाई मधे पडल्या, त्यांच्या बोलीत काय काय बोलल्या, माहेर कुठलं, कुणाची कोण ते निघालं, आणि शेवटी मावशींनी मला जिवंत सोडलं. सगळे गुलाबी बोंबील आम्हीच घेऊन आलो. परतताना मी हसवायचा प्रयत्न केला. त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आज रंग होता म्हणून दिसला. दिसतो तो थेंब पायाशी पडतो, जाधव. दिसत नाही तो कुठवर जातो, कुणाच्या नाकात जातो... याचा विचार केला की मला झोप येत नाही." गाडीची काच वर होती. तरी मी श्वास जरा बेतानेच घेतला, हे मला आठवतं.

निवृत्तीनंतर वर्षभराने बाईंना दम लागायला लागला. आधी जिना चढताना, मग ओट्याशी उभं राहताना. कोरडा खोकला. पालघरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं ते केतकीने मला फोनवर जसंच्या तसं सांगितलं. एक शक्यता अशी, की श्वासनळ्या आवळल्या जाताहेत. तसं असेल तर औषधाच्या फवाऱ्याने आराम पडेल आणि पुढे गोळ्यांवर निभेल. काही दिवस मशीनने औषध घेऊन बघा. आराम नाहीच पडला, तर मग दुसरी शक्यता. फुफ्फुसंच आतून कडक होत चालली असतील, आणि त्याला फारसा इलाज नाही. तसं असलं तर मुंबईला जाऊन मोठी तपासणी करावी लागेल. म्हणजे सगळं त्या छोट्या मशीनवर आलं होतं. लोक त्याला वाफेचं मशीन म्हणतात. मीही म्हटलं. बाई मास्क बाजूला करून म्हणाल्या, "वाफ नाही हो ती. थेंब आहेत. आयुष्यभर सांगून तुमच्यात काही मुरलं नाही." 

मी पामला जायला लागलो आणि पहिल्यांदा मला माझ्या बडबडीची लाज वाटेनाशी झाली, कारण मी बोलायचा थांबलो की त्यांचा श्वास ऐकू यायचा. कोरड्या नारळाच्या झावळीवरून हात फिरवावा तसा आवाज. आराम पडत नव्हता. मशीन घरघरायचं, मास्कमधून पांढरं धुकं निघायचं, बाई डोळे मिटून ओढायच्या आणि संपल्यावर आम्ही तिघंही एकमेकांकडे न बघता वाट बघायचो. काहीच व्हायचं नाही. एका दुपारी केतकी आत चहाला गेली, तेव्हा बाई हळूच म्हणाल्या, "जाधव, या मशीनचा थेंब बरोबर नसेल."

मी मशीनची नळी उगाच गुंडाळायला लागलो.

"औषध आत खोल जायचं तर थेंब पाच मायक्रॉनच्या आतला लागतो. मोठा असला की घशातच बसतो. मग आराम कसा पडेल? मशीनच वाईट असेल. असू शकतं ना?"

त्यांच्या डोळ्यांत जे होतं ते मी त्याआधी फक्त गिऱ्हाइकांच्या डोळ्यांत पाहिलं होतं. माल खपावा म्हणून आम्ही सांगू ते ऐकायला तयार झालेल्या माणसाचे डोळे. उभा जन्म या बाईने नोझल पास व्हावं अशी इच्छा धरली होती. आज पहिल्यांदा नापास व्हावं म्हणत होती. म्हणाल्या, "आपल्या यंत्रावर लावून बघू या का?" कारखान्याच्या शेठना मी फोन केला. शेठ म्हणाले, "चावी वॉचमनकडे आहे. बहेनजीला उन्हातून नेऊ नका."

साप्ताहिक सुट्टी होती. वसाहतीत सामसूम होती, रसायनांचा नेहमीचा वास मात्र होता. बाईंनी ओढणी नाकाला लावलीच. तपासणी खोलीत त्यांना खुर्चीवर बसवलं. त्या सांगतील तसं मी करत होतो, कारण उभं राहणं त्यांना झेपत नव्हतं. मोठ्या थेंबांचं भिंग काढून बारीक थेंबांचं लावलं. रिकामी हवा वाचली. पडदा स्वच्छ. मग मशीनची नळी किरणापाशी धरून चालू केली. पांढरं धुकं तांबड्या किरणातून जायला लागलं, आणि ते जरा भिंगावरही बसलं. मला वाटलं, आपण तरी निदान एक काम न सांगता करावं. खिशातला रुमाल काढून मी भिंग पुसलं.

आकडे आले. बाई पुढे झुकल्या. पडद्यावर डोंगर उभा होता तो पार उजवीकडे, मोठ्या थेंबांच्या बाजूला. मैदा नाही, रवा. जाडा, लापशीचा रवा!

"घशातच बसणार हा," बाई म्हणाल्या. आणि हसल्या. कित्येक महिन्यांत हसल्या नव्हत्या. हसण्याने खोकला आला, खोकतानाही त्या हसतच होत्या. मी तर नाचायचाच बाकी होतो. म्हटलं, "भिकार मशीन! त्या दुकानदाराच्या नरडीलाच हे लावतो. उद्याच्या उद्या नवीन आणू. चला, आज खानावळीत पापलेट." त्यांनी ओढणी सावरली, टेबलावर हात टेकला, उठायला म्हणून जोर घेतला... आणि उठल्या नाहीत. हात टेबलावर तसाच राहिला. मी त्या हाताकडे बघत होतो. आणि मला कळलं आता काय येणार ते. मला ते नको होतं. आयुष्यात मला कशाची इतकी भीती वाटलेली नाही.

"जाधव, मशीन बंद करा."

"झालं की ओ बाई. आकडा आला."

"बंद करा. रिकामी हवा बघू."

"आज नको. आज कुठलं गिऱ्हाईक आहे?"

"माजा हात तिथवर पोचत नाय," त्या म्हणाल्या. "मना पन भीती वाटते. तुमी करा."

मी बटण दाबलं. घरघर थांबली. धुकं विरलं. दोघंही पडद्याकडे बघत होतो. डोंगर तिथेच होता, जसाच्या तसा. औषध नाही, पाणी नाही, समोर नुसती हवा, आणि तिच्यात ठसठशीत मोठे थेंब. बाईंनी माझ्याकडे हात पसरला. "रुमाल." मी दिला. त्यांनी तो नाकाजवळ नेला. "भजी?"

"कांदाभजी," मी म्हटलं. "स्टेशनबाहेरची."

त्यांनी कापूस मागितला, स्पिरिट मागितलं, भिंग काढून त्यांच्या मांडीवर द्यायला सांगितलं आणि सावकाश, गोल गोल, तेलाचा शेवटचा माग जाईपर्यंत पुसलं. कुणी घाई करत नव्हतं. मला तर वाटत होतं की त्यांनी ते संध्याकाळपर्यंत पुसत बसावं. मग भिंग परत लावलं, रिकामी हवा वाचली, मशीन चालू केलं. डोंगर डावीकडे आला. बारीक, एकसारखे थेंब, मैद्यासारखे. जसे पाहिजेत तसे. बंद करून पुन्हा हवा वाचली. पडदा स्वच्छ.

"मशीन चांगलं हाय," बाई म्हणाल्या. बाहेर कुठेतरी पाइपातून हवा सुटल्याचा आवाज आला, आणि एरवी त्याला दचकणाऱ्या बाई दचकल्या नाहीत.

"आणखी एकदा घेऊ या," मी म्हटलं. "एकदा चुकलं, परत चुकू शकतं."

त्या म्हणाल्या, "आता आनखी भजी कुठून आनायची, जाधव?"

मुंबईच्या तपासणीत जे निघायचं ते निघालं. का झालं, कशाने झालं, हे कुणालाच सांगता आलं नाही. डॉक्टर म्हणाले, पुष्कळदा कारण सापडत नाही. मी मात्र ते शोधत राहिलो, कारण मला माझी काळजी होती. हे लिहिताना लाज वाटते, पण खरं आहे ते लिहावं. त्या खोलीत त्या जितकी वर्षं होत्या तितकी वर्षं मीही ये-जा करत होतो. फवाऱ्यात तोंड घालून "महाबळेश्वर, महाबळेश्वर!" असं ओरडून गिऱ्हाइकांना दाखवणं हा माझा ठरलेला प्रयोग होता. त्या फवाऱ्यात नुसतं नळाचं पाणी असायचं, हे मला ठाऊक होतं. ठाऊक असण्याचा आणि भीतीचा संबंध नसतो. खाकरलो तरी कान स्वतःच्या छातीकडे जायचा. बाईंच्या ते लक्षात आलं. नाकात ऑक्सिजनची नळी, शेजारी मशीनचं बुडबुड, आणि मला बघितलं की एकच विचारणं, "फुंकून आलात काय?" म्हणजे छाती तपासून घेतली का. मी प्रत्येक वेळी नवीन कारण सांगायचो. शेवटी केतकीने मला हाताला धरून नेलं. नळीत जोरात फुंकायचं, छातीचा फोटो काढायचा. सगळं ठीक निघालं. वयाच्या मानाने उत्तम, असंही ते म्हणाले.

आणि मग मी पामला गेलोच नाही. आठवडा, दोन आठवडे. काय तोंडाने जाऊन सांगायचं, की बाई, माझं चांगलं आहे? चांगल्या निकालाने माणूस इतका घाबरू शकतो, हे मला ठाऊक नव्हतं. अखेर केतकीनेच त्यांना सांगितलं. त्यावर त्या म्हणे एवढंच म्हणाल्या, "रुमाल कुनाचा वापरला, ते विचार." तो निरोप मिळाल्यावर मी गेलो.

ती शेवटची भेट. खाट खिडकीशी ओढलेली होती. मी सगळ्या जुन्या फजित्या सांगायला लागलो तर त्यांनी हाताने थांबवलं. हसणं आता परवडत नव्हतं. मग आम्ही नुसते बसलो. खिडकीतून उन्हाचा पट्टा आला होता आणि त्यात धुळीचे कण तरंगत होते. बाई ते बघत होत्या. बऱ्याच वेळाने, एकेका शब्दाला थांबत, म्हणाल्या, "रात्री... श्वास येत नाय तेव्हा... लय भीती वाटते." मी आयुष्यभर कुणाच्याही भीतीला उत्तर म्हणून जोक दिला होता. त्या दिवशी एकही आठवला नाही. मी म्हटलं, "मलाही वाटते." त्या माझ्याकडे वळल्या, नीट निरखून बघितलं, जणू मी पडद्यावर उमटलो होतो. मग मान हलवली. त्यांची खात्री पटली असावी. त्यानंतर मी निघेपर्यंत त्यांनी माझं मनगट धरून ठेवलं होतं, आणि मी न बोलता बसलो होतो. दोघांच्याही बाबतीत हे नवीन होतं.

त्यांना जाऊन आता काही आठवडे झाले. तपासणी खोलीत त्यांच्या जागी एक हुशार मुलगा आहे आणि काम झाल्यावर तोही रिकामी हवा वाचतो. तो मला थांबायला लावतो आणि मी थांबतो. पण बाई मला तिथे भेटत नाहीत. त्या भलत्याच ठिकाणी भेटतात. परवा बोईसरला केस कापायला गेलो. सलूनवाला जौनपूरकडचा, जुन्या ओळखीचा. त्याने पाण्याची बाटली घेतली आणि माझ्या डोक्यावर फवारा मारला. समोर आरसा, वर ट्यूबलाइट. उजेडात सगळं दिसत होतं. जाडे थेंब अंगावरच्या कापडावर पडले, टपटप. त्यांच्या मागून बारीक आले, ते पडेनात. ते उजेडात तरंगत राहिले, पंख्याच्या वाऱ्याने वळले, थोडे दाराकडे गेले, थोडे माझ्या तोंडाकडे आले... आणि मग दिसेनासे झाले. म्हणजे नाहीसे झाले असं नाही. मी मान तिरकी करून, डोळे बारीक करून बघत होतो, अगदी बाई बघायच्या तसा. आणि माझ्या ध्यानात आलं की मी श्वास रोखून धरलाय. सोडावा म्हटलं तर सुटेना. हातांनी खुर्ची घट्ट धरली होती. सलूनवाल्याचा हात कात्रीसकट थांबला. त्याने आरशातून माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग माझ्या डोक्याकडे पाहिलं.

"साँस लो, चाचा," तो म्हणाला. "चार बाल हैं, डूबोगे नहीं."